बिलाचे बोलणे आणि मरणाचे बोलणे : तालुक्यातल्या डॉक्टरांचे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, मुंबई
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग आणि मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : व्यवसायात असलेल्या डॉक्टरांना आर्थिक व्यवहाराचे आणि रुग्णांशी होणाऱ्या अवघड संवादाचे प्रशिक्षण मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

तालुक्याच्या आणि निमशहरी गावांत दवाखाना किंवा दहा-वीस खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरांची आमची संघटना आहे. डॉक्टरांच्या संरक्षणाची मागणी जुनी आहे आणि ती कायम आहे. या पत्रात आम्ही पोलीस बंदोबस्त मागत नाही, शिक्षण मागत आहोत.

रुग्ण गंभीर अवस्थेत येतो तेव्हा नातेवाइकांच्या तोंडी बहुतेक वेळा एकच वाक्य असते : "डॉक्टर, पैशाकडे बघू नका, फक्त माणूस वाचवा." ही खर्चाला दिलेली मंजुरी नसते, ती भीती असते. नवखा डॉक्टर ते वाक्य खरे धरतो आणि खर्चाचा विषय तिथेच मिटवतो. तिसऱ्या दिवशी बिलाचा आकडा काउंटरवरचा मुलगा सांगतो आणि त्याच दुपारी प्रकृती ढासळल्याचे डॉक्टर सांगतात. दोन्ही गोष्टी घरच्यांना एकाच दिवशी आणि पहिल्यांदाच कळतात. मग 'पैसे संपले म्हणून लक्ष दिलं नाही' किंवा 'पैशासाठी मशीनवर ठेवलं' असा संशय उभा राहतो, आणि त्याचे समाधान कोणत्याही रिपोर्टने होत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे, की पैशाचे बोलणे आणि वाईट बातमीचे बोलणे हे दोन वेगळे विषय नाहीत. खाटेशेजारी ते एकच संभाषण असते आणि ते शिकवल्याशिवाय येत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो. मारहाणीला कोणतेही कारण समर्थन ठरत नाही. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरवर हल्ला होऊन त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. अशा वेळी 'डॉक्टर नीट बोलले असते तर' असे म्हणणे हा मार खाणाऱ्यावरच दोष ढकलण्याचा प्रकार आहे आणि आम्हाला तो मान्य नाही. राज्याने २०१० साली वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि मालमत्तेच्या नुकसानीच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे. पण कायदा हात उगारल्यानंतर कामाला येतो. आमचा बहुतेक त्रास त्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो, आणि त्यातला पुष्कळसा कधी मारहाणीपर्यंत जातही नाही. तो तक्रार, बदनामी, बुडालेले बिल आणि उडालेली झोप एवढ्यावर संपतो.

आता शिक्षणाची स्थिती पाहू. २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा भाग आला. त्याचे स्वागत आहे. पण आज गावोगावी रात्रीअपरात्री रुग्ण तपासणारे बहुसंख्य डॉक्टर त्याआधी शिकलेले आहेत. त्यांना हे कोणी शिकवले नाही आणि पुढे शिकण्याची सोयही नाही. दुसरीकडे अपेक्षा मात्र लेखी आहेत. २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार डॉक्टरने आपली फी दवाखान्यात फलकावर लावायची, शस्त्रक्रिया किंवा उपचार सुरू झाल्यावर नव्हे तर त्याआधी ती सांगायची, मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यायची, आणि रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घ्यायचे नाही. राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत २०२१ साली रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावण्याचे बंधन आले. हे सगळे आम्हाला मान्य आहे. पण पोटात गाठ असलेल्या आईच्या मुलाला खर्च कोणत्या शब्दांत आणि कोणत्या क्षणी सांगायचा, हे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. ते सरावानेच येते.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी अशी. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत जे ३० श्रेयांक मिळवावे लागतात, त्यांतले किमान ६ श्रेयांक संवाद आणि आर्थिक व्यवहार या दोन विषयांसाठी राखून ठेवावेत. हे श्रेयांक व्याख्यान ऐकून मिळू नयेत. हॉटेलच्या हॉलमध्ये दीडशे डॉक्टर, पडद्यावर स्लाइड आणि शेवटी जेवण, या पद्धतीने संवाद कोणालाच येणार नाही. दहा-बारा जणांची तुकडी, नातेवाइकाची भूमिका करणारा प्रशिक्षित माणूस, आणि प्रत्येक डॉक्टरने स्वतः बोलून दाखवायचे. गावातल्या हौशी नाट्यमंडळींना या कामासाठी मानधन द्यावे. महाराष्ट्रात अशा माणसांची वाण नाही.

सरावासाठी प्रसंग शोधायला लांब जायला नको. 'वडिलांना कॅन्सर आहे हे सांगू नका' असे मुलगा दाराबाहेर सांगतो, आणि वडील आत आल्यावर थेट विचारतात. वाचण्याची आशा संपलेली असते, पण 'मुंबईहून थोरला येईपर्यंत मशीन काढू नका' असा आग्रह असतो. त्या एका रात्रीचा खर्च धाकट्याच्या डोक्यावर बसणार असतो आणि तो बोलत नाही. शस्त्रक्रियेत गुंतागुंत झालेली असते आणि ती चूक होती की माहीत असलेला धोका, हे समजावायचे असते. आणि सर्वांत नेहमीचे उत्तर : "तुम्ही सांगाल तसं." निर्णय डॉक्टरच्या हाती देऊन मोकळे झालेले हेच कुटुंब परिणाम वाईट झाला की विचारते, आम्हाला विचारलं का नाही?

वाईट बातमी देण्याची सहा टप्प्यांची 'स्पाइक्स' पद्धत २००० सालापासून जगभर शिकवली जाते. निवांत जागा बघा, समोरच्याला काय ठाऊक आहे ते विचारा, किती ऐकायचे आहे ते विचारा, मग सांगा, भावनांना जागा द्या, पुढचे ठरवा. पद्धत चांगली आहे. फक्त तिच्यात एक रुग्ण, एक डॉक्टर आणि एक बंद खोली गृहीत आहे. आमच्याकडे कॉरिडॉरमध्ये चौदा माणसे असतात, त्यांत एक ग्रामपंचायत सदस्य असतो, एक मोबाइलवर रेकॉर्ड करत असतो, आणि निर्णय घेणारी व्यक्ती बहुधा मागे पदर तोंडाला लावून उभी असते. त्या माणसांतून कोणाशी बोलायचे हे ठरवणे हाच आमच्यासाठी पहिला टप्पा आहे. विद्यापीठाने हा पाठ इथल्या परिस्थितीवर नव्याने बांधावा, मराठीत बांधावा, आणि खानदेशात अहिराणी बोलणाऱ्या, गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या रुग्णांपर्यंत तो कसा न्यायचा याचाही विचार करावा.

त्याच अभ्यासक्रमात आयुष्याच्या शेवटच्या टप्प्याचा कायदा यावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राची पद्धत सोपी केली. आता ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते. कृत्रिम आधार काढण्याचा निर्णय रुग्णालयाच्या प्राथमिक मंडळाने आणि नंतर दुय्यम मंडळाने पाहायचा असतो. तालुक्यात हे मंडळ कोण नेमणार, दुय्यम मंडळासाठीचा डॉक्टर किती तासांत येणार, हे लेखी कळवावे. तोवर 'घरी नेतो' म्हणणाऱ्या नातेवाइकाची 'सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज'च्या कागदावर सही घ्यायची आणि डोळे मिटायचे, एवढाच मार्ग डॉक्टरपुढे उरतो. तो कोणाच्याच हिताचा नाही.

दुसरी मागणी खर्चाच्या अंदाजपत्रकाची. राज्यभर एकच, एका पानाचा, मराठी नमुना असावा : अपेक्षित खर्च, गुंतागुंत झाल्यास वरची मर्यादा, आणि खर्च अंदाजाच्या पुढे गेल्यास कोणाला व केव्हा कळवणार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, धर्मादाय रुग्णालयांतल्या निर्धन रुग्णांसाठीच्या राखीव खाटांचा लाभ मिळू शकतो का, हे दोन प्रश्न त्याच पानावर छापलेले असावेत. योजनेत नसलेल्या छोट्या रुग्णालयात आरोग्यमित्र नसतो, त्यामुळे ही माहिती डॉक्टरनेच द्यायची असते आणि ती त्याच्याकडे बहुधा अर्धवट असते. योजनेत उपचार बसत असताना रुग्णाने सोने गहाण टाकले, असे तरी होऊ नये.

याच जागी कराचा कायदाही संभाषणात येतो, याची अनेकांना कल्पना नसते. एका रुग्णाच्या एका उपचारापोटी २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेता येत नाही. घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. बैलजोडी विकून नोटांची पिशवी घेऊन आलेल्या माणसाला 'हे पैसे असे घेता येणार नाहीत' हे कसे सांगणार? त्याचे बँक खाते, मुलाचे यूपीआय, चेक हे सगळे दाखल करतानाच विचारलेले बरे.

तिसरी मागणी डॉक्टरच्या स्वतःच्या पैशाची आहे. ही मागणी ऐकून काहींच्या भुवया उंचावतील. डॉक्टरने पैशाचे बोलू नये, अशी आपल्या समाजाची एक सोज्वळ समजूत आहे. ती मुख्यतः ज्यांना हप्ते भरायचे नसतात त्यांच्यात टिकून आहे. एक साधा हिशेब मांडतो. सोनोग्राफी यंत्र आणि जागेच्या कामासाठी ४० लाख रुपये, १० टक्के दराने, सात वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ६६,४०० रुपये येतो. महिन्याचे २६ दिवस काम धरले तर दिवसाला साधारण २,५५० रुपये. तपासणी फी १५० रुपये असेल तर केवळ हप्त्यासाठी रोज १७ रुग्ण लागतात. भाडे, कर्मचारी, वीज, जैववैद्यकीय कचऱ्याचे शुल्क आणि घर त्यानंतर. हा हिशेब कर्ज घेण्याआधी कागदावर मांडणारे डॉक्टर आमच्या पाहण्यात फार थोडे. मांडला नाही की दुसऱ्या वर्षापासून तपासण्या वाढतात, 'कट'चे पाकीट नाकारणे जड जाते, आणि रुग्णाला ते कळते. कट प्रॅक्टिसविरुद्ध राज्याने २०१७ मध्ये कायद्याचा मसुदा केला, तो पुढे गेला नाही. कायदा व्हावा, आमचा पाठिंबा आहे. पण कर्जाखाली वाकलेल्या डॉक्टरला नुसती नीतिमत्ता शिकवून फारसे काही साधणार नाही.

म्हणून इंटर्नशिपच्या वर्षात आणि व्यवसायातल्या डॉक्टरांसाठी स्वतंत्रपणे एक छोटा अभ्यासक्रम हवा : कर्जाचा हिशेब, रोजची रुग्णनोंद व पावती, गृहीत उत्पन्नावरचा आयकर आणि त्याची ५० लाखांची (रोख व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांची) मर्यादा, दिवसाला ५,००० रुपयांवरच्या खोलीभाड्याचा जीएसटी, भागीदारीचा करार, व्यावसायिक जबाबदारीचा विमा, आणि डॉक्टर अचानक गेला तर दवाखान्याचे व कुटुंबाचे काय. शिकवायला चार्टर्ड अकाउंटंट, वकील आणि सेबीकडे नोंदणी असलेले, फक्त शुल्क घेणारे सल्लागार असावेत. विमा एजंट, फंडाचे वितरक, बांधकाम व्यावसायिक आणि औषध कंपन्या यांना या वर्गांचे प्रायोजकत्व घेऊ देऊ नये. विम्याला गुंतवणूक समजून घेतलेल्या पॉलिसींचे गठ्ठे डॉक्टरांच्या कपाटांत कमी नाहीत.

चौथी मागणी थोडक्यात. शासकीय रुग्णालयांत मृत्यूची बातमी पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने एकट्याने, वॉर्डाच्या दारात उभे राहून देऊ नये. सोबत वरिष्ठ डॉक्टर आणि परिचारिका असावी, आणि प्रत्येक जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयात चार खुर्च्या, पाणी आणि दार असलेली एक खोली यासाठी राखावी. नव्या इमारतीची गरज नाही, स्टोअररूम रिकामी केली तरी चालेल.

पाचवी मागणी आमच्या आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या सहकाऱ्यांसाठी. ग्रामीण भागात पहिला डॉक्टर बहुधा तेच असतात. त्यांची नोंदणी वेगळ्या परिषदांकडे असली तरी आरोग्य विज्ञान विद्यापीठ सर्वांचे एकच आहे. त्यांना या प्रशिक्षणातून वगळू नये.

आमच्या बाजूने आम्ही काय करणार, तेही लिहून देतो. संघटनेचा प्रत्येक सभासद दरफलक लावेल, प्रत्येक रुग्णाला पावती देईल आणि वर दिलेल्या नमुन्याची वाट न पाहता एका पानाचे अंदाजपत्रक वापरायला सुरुवात करेल. बिल थकले म्हणून पार्थिव अडवून ठेवणाऱ्या सभासदाचे सदस्यत्व रद्द होईल. सरावाच्या वर्गांसाठी जागा आणि आमच्यातले अनुभवी डॉक्टर आम्ही विनामूल्य देऊ.

पहिल्या टप्प्यात एका महसूल विभागात हा कार्यक्रम एक वर्ष चालवून पाहावा, ही विनंती. श्रेयांकांचा निर्णय परिषदेच्या अखत्यारीत आहे आणि त्याला वेगळा निधी लागत नाही, म्हणून त्यावर ९० दिवसांत लेखी उत्तर मिळावे. अभ्यासक्रमाच्या समितीवर तालुक्यात व्यवसाय करणारे किमान दोन डॉक्टर आणि रुग्णहक्कांसाठी काम करणारी एक व्यक्ती असावी. चर्चेसाठी आमचे प्रतिनिधी नाशिकला किंवा मुंबईला येतील. फक्त बैठक सोमवारी ठेवू नये, त्या दिवशी ओपीडीत सर्वाधिक गर्दी असते.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व सचिव,
कार्यकारिणीच्या वतीने