गौरव कशाचा व्हावा?

सैन्यातील दूरवैद्यकात नेतृत्व आणि कल्पकता दाखविणाऱ्यांचा पुरस्काराने गौरव व्हावा, हे उचितच होय. रणांगणावरील शौर्याला पदक आहे. मग शेकडो कोसांवरील रुग्णापर्यंत पोहोचणाऱ्या वैद्यकीय बुद्धीला ते का नसावे? २७ मे २०२१ रोजी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, संरक्षण खात्याने ‘सेहत’ ही दूरसल्ला सेवा सुरू केली. त्या वेळी संयुक्त संरक्षण मुख्यालयातील वैद्यकीय धुरा पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांच्याकडे होती. सैनिकांच्या कुटुंबांना घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळू लागला.

तथापि यंत्राची नवलाई ही पुरस्काराची कसोटी असू नये. नांदे पुण्याच्या उंबरठ्यावर आहे. पण त्याच मुळशी तालुक्यात ताम्हिणीकडील वाड्यांतून भर पावसाळ्यात दवाखाना गाठणे जिकिरीचे असते. तेथील जवानाच्या आईला सल्ल्यापाठोपाठ औषधही मिळाले, तरच ते यश म्हणावे. पडद्यावर औषधाचे नाव उमटते. ते हाती ठेवतो तो माणूसच. म्हणून सन्मानाच्या यादीत सेनाधिकाऱ्यांच्या शेजारी परिचारिका आणि वैद्यकीय सहायक यांचीही नावे असावीत. सेनापतीचा गौरव पायदळाला विसरून पुरा होत नाही.