पत्त्यांच्या जादूतून हरवलेला चेहरा

हिऱ्यांच्या व्यापारासाठी सतराव्या शतकात सुरत बंदरी वारंवार येऊन गेलेल्या ताव्हेर्निये नामक फ्रेंच जवाहिऱ्याने, १६७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात, सुरतेहून आग्र्याकडे जाणाऱ्या वाटेवर पाहिलेल्या एका गारुड्याच्या खेळाची हकीकत नमूद करून ठेवली आहे. जमिनीत रोवलेल्या काठीचे पाहता पाहता आंब्याचे झाड होते, पाहायला जमलेली इंग्रज मंडळी स्तिमित होतात, त्यांचा पाद्री हा अधर्म म्हणून संतापतो. पण हे जवाहिरे महाशय मुकाट्याने माडीवर जातात, खिडकीतून चादरीच्या दुमडीआड डोकावतात, आणि आडोशातला माणूस वस्तऱ्याने काख कापून ते रक्त काठीला चोळीत आहे असे त्यांना दिसते. हिरा पारखणाऱ्यास पाहण्याची जागा बदलावीशी वाटली, यात नवल नाही. गारुड्याचा सारा बंदोबस्त अंगणातल्या प्रेक्षकांपुरता होता. माडीवरची खिडकी त्याच्या हिशेबात नव्हती.

मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे पत्त्यांची जादू करणाऱ्या आजच्या हौशी कलावंतावर ही खिडकी अष्टौप्रहर उघडी असते. कारण प्रेक्षक चित्रफीत थांबवू शकतो, मागे नेऊ शकतो, तिची गती निम्मी करू शकतो, आणि बदामची राणी नेमकी कोणत्या क्षणी कॅटच्या तळाशी गेली याचा तपास रात्रभर करू शकतो. सुरतेच्या उधना-लिंबायतकडचा, यंत्रमागाची पाळी संपवून आलेला एखादा खानदेशी तरुण असो की वराछाचा, हिऱ्यांना पैलू पाडणारा रत्नकलाकार, पत्ते हाती घेताच त्याच्या मनात हीच धास्ती उभी राहणार. आणि तिच्यापोटी तो हात जलद चालवतो, चित्राची कड मनगटापर्यंत आवळून घेतो, आणि चलाखी उघडी पडेल असे वाटते तेथे चित्रफीतच कापतो. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा.

वेगाविषयी तर जाणत्यांचा निकाल फार पूर्वीच लागलेला आहे. कोणतीही जादू आपल्यासमोर तीनदा केली तर आपण तिचे मर्म सांगू, अशी फुशारकी मिरवणाऱ्या जादूगार हुदिनीला १९२२ साली शिकागोत डाय व्हर्नन या तरुणाने त्याच्याच आद्याक्षरांचा पत्ता कॅटमध्ये वरून दुसरा ठेवून, पुन्हा पुन्हा सर्वांत वर आणून दाखवला, तीनांहून कितीतरी अधिक वेळा दाखवला, आणि हुदिनी निरुत्तर झाला. चित्रफीत मागे नेणारा प्रेक्षक म्हणजे हुदिनीवाचून दुसरा कोण? अर्जेंटिनाच्या रेने लावांद याचा उजवा हात बालपणीच्या अपघातात गेला. उरलेल्या एका हाताने पत्ते हाताळणाऱ्या या कलावंताने संथपणालाच आपले वैशिष्ट्य केले. घाई दिसली की संशय जागा होतो आणि जागा झालेला संशय चित्रफीत मागे नेतो, एवढे हे साधे आहे.

परंतु माझी मुख्य तक्रार चित्राच्या आवळलेल्या कडेविषयी आहे. मनुष्याची दृष्टी स्वभावतःच समोरच्या मनुष्याच्या दृष्टीमागे जाते. जादूगार आपल्या उजव्या हाताकडे पाहू लागला की आपणही तिकडे पाहतो, त्याने मान वर करून प्रश्न विचारला की आपण त्याच्या तोंडाकडे पाहतो, आणि हातचलाखीचे निम्मे सामर्थ्य या अनादी सवयीवर उभे असते. चेहरा कापून केवळ दहा बोटे दाखवली की प्रेक्षकाला बोटे तपासण्यावाचून दुसरे कामच उरत नाही. म्हणजे लपवण्यासाठी घेतलेले जवळचे चित्र प्रत्यक्षात लपवण्याचे मुख्य साधनच हिरावून घेते! १९९७ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर डेव्हिड ब्लेन याने रस्त्यावरची जादू दाखवली, तेव्हा कॅमेरा पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे वळवला होता, आणि घरी बसलेल्या लोकांना त्या चेहऱ्यांवरचे आश्चर्य पत्त्यांइतकेच पटले. तात्पर्य, चित्रात जादूगाराचा चेहरा हवा आणि पत्ता निवडणारा एक तरी जिवंत माणूस हवा.

उजेडाविषयी सुरतकरांना सांगणे धार्ष्ट्याचे ठरेल, कारण हिऱ्याची पारख उत्तरेकडच्या शांत प्रकाशात का करतात हे येथे पुष्कळांना ठाऊक आहे. तरीही डोक्यावरच्या नळीदिव्याखाली चकचकीत पत्ते धरून इस्पिकचा एक्का पांढऱ्या झळाळीत बुडवणारे आढळतात. खिडकीचा बाजूने येणारा उजेड उत्तम. दिवेच लावायचे असतील तर, आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्याने दिवे १०० वेळा लुकलुकतात आणि पत्त्यांवरून काळसर पट्टे सरकतात, हे ध्यानी घेऊन शटर १/५० वा १/१०० सेकंदावर आणि चित्रांची गती सेकंदास २५ ठेवावी. कॅमेरा थेट वर टांगू नये, त्याने सगळे सपाट होते. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, थोडा दूर ठेवावा. पुढच्या कॅमेऱ्याने काही मोबाईल उलटे चित्र जतन करतात, तेव्हा पत्त्याच्या कोपऱ्यातला आकडाही उलटा पडतो. हे मात्र अक्षम्य.

राहिली कापाकापी. अखंड चित्रण हे पंचनाम्यासारखे आहे. मधली एक ओळ खोडलेली दिसली की उरलेल्या सगळ्या ओळींवरचा विश्वास जातो. यावर कोणी जादूगार पी. सी. सरकारांचा दाखला देईल. १९५६ साली बीबीसीवर करवतीने मुलीचे दोन भाग करण्याचा प्रयोग चालू असता कार्यक्रमाची वेळ संपली, मुलगी उठलेली दिसलीच नाही, आणि घाबरलेल्या लोकांनी दूरध्वनी करकरून कचेरीस हैराण केले. तेथेही माध्यमाचा उपयोग झालाच की! झाला, हे कबूल. पण ते प्रक्षेपण थेट होते, आणि घडले तेवढे लोकांनी आपल्या डोळ्यांनी सलग पाहिले होते. मागाहून काढून टाकलेल्या तीन सेकंदांची बरोबरी त्याच्याशी होत नाही. शिवाय पत्ते मुळातच संशयास्पद वस्तू. श्रावणात, जन्माष्टमीच्या सुमारास गुजरातेत जुगाराच्या अड्ड्यांवर पोलिसांच्या धाडी पडतात आणि पत्त्यांचे कॅट मुद्देमाल म्हणून जप्त होतात. अशा प्रांतात पत्ते पिसणाऱ्याने विश्वास जपावा तितका थोडा.

या सगळ्याला एक उपाय सुचतो. सुरतेतल्या मराठी वस्त्यांत गणेशोत्सव थाटाने होतो. तेथील मंडळांनी एका संध्याकाळची दहा मिनिटे एखाद्या होतकरू पत्तेवाल्यास द्यावीत: एक टेबल, एक कॅमेरा, मागे मोठा पडदा, आणि प्रेक्षकांतून बोलावलेली एखादी आजी, जिला तो अहिराणीत किंवा मराठीत, उसन्या संगीताच्या आश्रयावाचून, ‘पत्ता काढा’ म्हणेल. पडद्यावर दिसेल ते सलग असेल, कारण कापण्याची सोयच नसेल. आणि आजी त्याच्या हातांकडे न पाहता तोंडाकडे पाहू लागली की त्याचे काम झाले.