शब्दाचे प्रायश्चित्त

मुस्लिम दांपत्यजीवनाविषयी मराठीत चर्चा निघाली की एकच शब्द ऐकू येतो: तलाक. तो एका दमात तीनदा उच्चारून संसार मोडण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्दबातल ठरवली, हे योग्यच झाले. परंतु पतिपत्नींनी परस्परांशी कसे बोलावे याचा याच परंपरेने किती गांभीर्याने विचार केला आहे, हे आपल्या वादविवादात येत नाही.

इस्लामपूर्व अरबस्तानात पती पत्नीची तुलना आपल्या आईच्या पाठीशी करून तिला वर्ज्य ठरवी. मग ती ना धड पत्नी उरे, ना मुक्त होई. परंपरा सांगते की खौला बिन्त सअलबा हिने याविरुद्ध प्रेषितांकडे दाद मागितली. कुराणाच्या ५८व्या अध्यायात तिची बाजू घेतली गेली. पत्नीकडे परतण्यापूर्वी पतीने गुलाम मुक्त करावा. ते न जमल्यास सलग दोन महिने रोजे ठेवावेत. तेही न झेपल्यास ६० गरिबांना जेवू घालावे. एका वाक्याचे हे प्रायश्चित्त!

हदीसमध्ये याची दुसरी बाजू दिसते. आयेशा रुसल्या की शपथ घेताना मुहम्मदांच्या ईश्वराऐवजी इब्राहीमांच्या ईश्वराचा उल्लेख करीत. तेवढ्यावरून प्रेषित त्यांचा रुसवा ओळखत. आपण त्यागते ते केवळ नाव, असे आयेशाही सांगत.

सुधारणेची भाषा बोलताना या दोन कथा हाताशी असाव्यात, असे आम्हांस वाटते. कायदा एक क्रूर शब्द थांबवू शकतो. रुसवा ओळखणारा कान मात्र घरातच घडावा लागतो.