खानेसुमारी घरांची, की माणसांची?

वाचकहो, या देशात दारिद्र्य का आहे, असा प्रश्न सुखवस्तू माणसाला विचारून पाहा. त्याच्या ओठांवर एकच उत्तर तयार असते: लोकसंख्या! गरिबाला पोरे फार होतात, म्हणून तो गरीब राहतो. एवढे म्हटले की विचार संपला आणि जबाबदारीही संपली. जमीन कोणाच्या नावावर आहे, पाणी कोणाच्या विहिरीत आहे, मजुरीचा दर कोण ठरवितो, हे सवाल मग विचारण्याचे कारणच उरत नाही. अशा उत्तरावर समाधान मानणाऱ्यांना आम्ही नाशिक जिल्ह्यातील हरसूलकडे बोट दाखवू इच्छितो.

परंतु त्याआधी दोन गोष्टी स्पष्ट करावयास हव्यात. कोणत्याही गावाची लोकसंख्या तीन वाटांनी बदलते: जन्म, मृत्यू आणि स्थलांतर. धर्मवार आकड्यांना धर्मांतराची चौथी वाट असते, हे आपल्यास वेगळे सांगावयास नकोच. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ साली बौद्धांची नोंद अवघी २,४८७ होती. १९६१ साली ती २७,८९,५०१ झाली. ही वाढ पाळण्यातून आली नव्हती, ती १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेतून आली होती. तेव्हा आकडा वाढला किंवा घटला की तो कोणत्या वाटेने बदलला, हे आधी विचारावे.

दुसरी गोष्ट समाजरचनेची. विटांचा ढीग म्हणजे घर नव्हे. तसा माणसांचा घोळका म्हणजे समाज नव्हे. कोणती वीट पायात आणि कोणती कळसाला, हे जेथे ठरलेले असते तेथे रचना असते. मूल जन्मास येण्यापूर्वीच त्याची जागा ठरून गेलेली असते. बाबासाहेबांनी या देशातील रचनेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ते याच अर्थाने. माणसे किती, हे खानेसुमारी सांगते. ती तेथे का, हे समाजरचना सांगते. दुसरा प्रश्न गाळून पहिल्याचे उत्तर देणारा मनुष्य हिशेबनीस असेल, समाजशास्त्रज्ञ खचित नव्हे.

आता हरसूल पाहा. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हे बाजाराचे गाव. भोवतालच्या पाड्यांवर कोकणा, वारली, महादेव कोळी अशा आदिवासी जमातींची वस्ती. पावसाळ्यात येथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यात बायाबापड्या हंड्यासाठी डोंगर उतरतात. पाणी पडते, पण अडत नाही. भात, नागली, वरई यांची एक पेर होते. पुढे शेतात काम नाही आणि पोट तर बारमाही! वनजमीन पिढ्यान्‌पिढ्या कसली तरी सातबाऱ्यावर नाव नाही. २००६ चा वनहक्क कायदा झाल्यानंतर बारा वर्षांनीही, मार्च २०१८ मध्ये, या जिल्ह्यातील आदिवासींना याच हक्कासाठी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालत जावे लागले, हे आपण विसरलो नसाल.

मग पीक घरात आले की कुटुंबे डोंगर उतरतात. वाघेरा घाटातून गिरणारे, तेथून दिंडोरी, निफाड. द्राक्षबागांची ऑक्टोबरची छाटणी, मग विरळणी, मग जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काढणी. टोळीने एकरावर काम उक्ते घ्यावयाचे, बागेच्या कडेला झोपडी टाकावयाची, पोरे तेथेच खेळवावयाची. ज्यांच्या हातांनी परदेशी जाणारा घड कापला जातो, त्यांच्या पोरांची शाळा मागे पाड्यावर राहते. हे स्थलांतर कोणाची हौस आहे काय? एका बाजूस पाण्याखालची जमीन आणि दुसऱ्या बाजूस रिकामे हात, या रचनेनेच हा ओघ घडविला आहे. घरात पोरे दोन असोत की पाच, ज्याच्या शेताला पाणी नाही त्याला घाट उतरावाच लागतो.

कोणी म्हणेल, कुटुंबनियोजनाला तुमचा विरोध आहे. मुळीच नाही! १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला, तेव्हा त्यांचे भाषण बाबासाहेबांनीच तयार केले होते. तो ठराव फेटाळला गेला, हेही टीकाकारांनी ध्यानी ठेवावे. स्त्रीच्या आरोग्यासाठी आणि सुखासाठी आम्ही त्या विचाराच्या बाजूनेच आहोत. आमचा विरोध आहे तो जमिनीचा प्रश्न पाळण्यावर ढकलण्याला.

आणि आता मूळ मुद्दा. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने येत्या खानेसुमारीची संदर्भवेळ १ मार्च २०२७ ठरविली. माणसे मोजण्याचे काम त्याआधीच्या फेब्रुवारीतले. २०११ सालीही ९ ते २८ फेब्रुवारी हाच काळ होता. मैदानी गावांस हा काळ सोयीचा असेल. परंतु हरसूलच्या कित्येक पाड्यांवर तेव्हा म्हातारी माणसे आणि कुलुपे एवढेच उरते. नियम असा की, गणनेचा सबंध काळ जो घराबाहेर आहे, तो गावी मोजला जात नाही. तो जेथे राहतो तेथे मोजावयाचा. नियम कागदावर निर्दोष आहे. पण बागेच्या कडेची झोपडी गणकाच्या नकाशात असेल काय? मालक त्याला "येथे कोणी राहत नाही" असे सांगणार नाही काय? बेघरांसाठी २८ फेब्रुवारीची एक रात्र राखलेली असते. त्या एका रात्रीत द्राक्षांच्या सगळ्या शिवारांतून कोण फिरणार?

"तेथे नाही तर येथे मोजला, नुकसान काय?" असा युक्तिवाद होईल. नुकसान हेच की, शाळा, दवाखाना, रस्ता, नळयोजना यांचा हिशेब गावाच्या आकड्यावर होतो. पंचायतीतील राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. विधानसभेचे राखीव मतदारसंघ कोठे असावेत, हेही जमातीचे प्रमाण कोठे अधिक आहे यावरून ठरते. आणि २०२६ नंतरच्या पहिल्या खानेसुमारीपर्यंत रोखून ठेवलेली जागांची फेरवाटणी आता दाराशी आली आहे. घाम निफाडला आणि गणनाही निफाडला, म्हणजे हरसूलच्या वाट्यास केवळ रिकामे घर! ज्या उपेक्षेने माणूस गाव सोडतो, तीच उपेक्षा पुढे "येथे माणसेच कमी" असा दाखला देते.

यंदा जातीचीही नोंद व्हावयाची आहे. १९३१ नंतर सर्व जातींची अशी मोजणी खानेसुमारीत झालेली नाही. म्हणून रकान्याचे मोल जाणा. महादेव कोळी मनुष्याने नुसते "कोळी" सांगितले आणि गणकाने तेवढेच लिहिले, तर अनुसूचित जमातीतून एक माणूस वजा होतो. रकान्याचा घाव कसा असतो, हे बौद्धांना कोणी शिकवावयास नको. दीक्षेनंतर त्यांची वस्ती तीच राहिली, मजुरी तीच राहिली, गावाची नजरही तीच राहिली; केवळ धर्माचा रकाना बदलला, म्हणून अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलतींसाठी १९९० पर्यंत झगडावे लागले.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. द्राक्षपट्ट्यातील प्रत्येक वस्ती, शेड आणि झोपडी गणनेपूर्वीच नकाशावर यावी. मजुरांच्या बोली जाणणारे गणक तेथे नेमावेत. हंगामी स्थलांतरितांची मूळ गावनिहाय वेगळी यादी प्रसिद्ध व्हावी, आणि शाळा-पाण्याच्या योजना आखताना ती गावाच्या आकड्यात मिळवावी.

आणि वाचकहो, आपणही हातावर हात ठेवून बसू नका. नाशिक, दिंडोरी, निफाडच्या तरुणांनी फेब्रुवारीत बागांच्या कडेला जावे, मजुरांस भेटावे, जमातीचे पूर्ण नाव सांगा म्हणून बजावावे, गणक आला नाही तर तहसील कचेरीत तक्रार नोंदवावी. बौद्ध तरुणाने आदिवासी बंधूची गणना आपली मानली नाही, तर बंधुता हा शब्द त्याने उच्चारू नये. जो मोजला जात नाही, त्याला राज्यात जागा मिळत नाही. हरसूलची माणसे आहेत. ती आहेत असे सरकारच्या कागदानेही म्हटले पाहिजे!