डिझायनरला फोटो नको, दिनक्रम द्या

फ्लॅटचा ताबा मिळाला की पेढ्यांच्या मागोमाग पहिला प्रश्न येतो, इंटिरियर कुणाकडून करून घेणार? मग मोबाइलमध्ये फोटो साठायला लागतात. कुणाच्या तरी हॉलची राखाडी भिंत, हॉटेलात शोभेल अशी बेडरूम, लाकडी पट्ट्यांच्या मधोमध टांगलेला टीव्ही. महिनाभरात दोनशे फोटो होतात आणि डिझायनरच्या पहिल्या भेटीत आपण ते एकामागून एक सरकवत बसतो. ‘असं काहीतरी हवंय.’ बारा वर्षांपूर्वी आम्हीही हेच केलं. म्हणून तर आज हे लिहायला बसले आहे.

घर छान झालं. वास्तुशांतीला आलेल्यांनी तोंडभरून कौतुक केलं. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा 34 इंचांवर, खाली चकचकीत ट्रॉल्या. आठ दिवसांत सासूबाईंनी देवघरापुढचा पाट उचलून ओट्यापाशी आणला आणि त्यावर उभ्या राहून पोळ्या लाटायला लागल्या. त्यांची उंची 4 फूट 10 इंच. घरात पोळ्या त्याच करतात, रोज वीस-बावीस. डिझायनरने मला विचारलं होतं, नवऱ्याला विचारलं होतं. ज्यांचे हात त्या ओट्यावर सर्वांत जास्त वेळ चालणार होते, त्यांना कुणी विचारलंच नाही. आणि मी तरी कुठे सांगितलं? मी फोटो दाखवण्यात गर्क होते.

दुसरा धडा भाद्रपदात मिळाला. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. हॉलच्या एकुलत्या एक मोठ्या भिंतीवर आठ फुटी टीव्ही युनिट कायमचं ठोकून बसवलेलं. मखर ठेवणार कुठे? त्या वर्षी बाप्पा डायनिंग टेबलावर बसले आणि जेवणाची पंगत जमिनीवर. प्लग लांब पडला, म्हणून माळेची वायर दारातून फिरवून आणली. आरतीला येणारा प्रत्येक जण तिच्यावरून पाय उचलून आत आला.

दोष एकट्या डिझायनरचा नव्हता. त्याने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. तेव्हापासून कुणी सल्ला विचारला की मी एकच सांगते. लक्षात राहणारं घर दुसऱ्याच्या घराच्या फोटोतून येत नाही, ते आपल्या माणसांच्या सवयींतून येतं. तेव्हा डिझायनरच्या हातात फोटोंऐवजी तुमचा दिनक्रम द्या.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. ज्यांची घरं पाहायला लांबून लोक येतात, त्या वास्तुकारांकडे बघा. श्रीलंकेच्या जेफ्री बावांनी 1958 मध्ये कोलंबोच्या एका बोळात चार छोट्या घरांच्या ओळीतलं एक घर घेतलं. पुढच्या दहाएक वर्षांत शेजारची घरं एकेक करून मिळत गेली, तसतशी ती जोडत त्यांनी स्वतःचं राहतं घर घडवलं. मध्ये उजेडासाठी लहान लहान चौक उघडे ठेवले आणि तमिळनाडूतल्या चेट्टिनाडच्या जुन्या घरांचे कातीव खांब आणून बसवले. ‘नंबर 11’ म्हणून ते घर आज ओळखलं जातं. एवढ्या मोठ्या वास्तुकाराला स्वतःच्या घरासाठी दहा वर्षं लागली. आपल्याला मात्र सगळं पंचेचाळीस दिवसांत हवं असतं, तेही पितृपक्षाच्या आत.

बाळकृष्ण दोशी तर पुण्याचेच. 1927 साली इथे जन्मले. घरात आजोबांपासून फर्निचरचा व्यवसाय, म्हणजे लाकूड आणि रंधा लहानपणापासून डोळ्यांसमोर. वास्तुकलेतलं प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय, 2018 साली. इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीत त्यांनी गरीब कुटुंबांना पूर्ण घर दिलंच नाही. जोतं, पाण्याची आणि संडासाची सोय, फार तर एक खोली एवढंच दिलं आणि पुढचं लोकांवर सोडलं. लोकांनी ऐपतीप्रमाणे खोल्या चढवल्या, कुणी ओटा काढला, कुणी बाहेरून जिना. त्यामुळे सरकारी वसाहत असूनही एक घर दुसऱ्यासारखं दिसत नाही. राहणाऱ्या माणसाला घरात हात घालायला जागा ठेवली की घर आपोआप वेगळं होतं, एवढं यातून घेतलं तरी पुष्कळ.

तिसरे लॉरी बेकर. जन्म बर्मिंगहॅमचा, 1945 मध्ये कुष्ठरोग्यांच्या कामासाठी भारतात आले आणि पुढे केरळचेच होऊन गेले. त्यांच्या घरांत विटांना गिलावा नाही. कित्येक ठिकाणी खिडकीऐवजी विटांची जाळी, बसायला भिंतीतूनच काढलेला कट्टा, पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या पुन्हा वापरलेली. वीट उभी लावून आत पोकळी ठेवायची त्यांची पद्धत सुमारे चौथा हिस्सा विटा वाचवते आणि भिंत तापूही देत नाही. त्यांची घरं देखणी आहेतच. पण ती देखणी झाली ती काय काय टाळलं त्यामुळे, हे विसरू नका.

आता आपल्या दोन-तीन खोल्यांच्या घराकडे येऊ.

आपल्यातले बहुतेक जण राहायला जायच्या आधीच फर्निचर उरकतात. एका हाताने भाडं आणि दुसऱ्या हाताने हप्ता फार दिवस कुणाला परवडतो? मग ज्या घरात सध्या राहता, तिथेच एक वही करा आणि आठ दिवस लिहा. बाहेरून आल्यावर पिशवी, किल्ली, हेल्मेट कुठे पडतं? वर्षाचे गहू-तांदूळ भरता की महिन्याचं सामान आणता? टेबलावर जेवता की टीव्हीसमोर ताट घेऊन? कपडे पावसाळ्यात कुठे वाळतात? इस्त्री कुठे करता? पाहुणे राहायला आले तर गाद्या कुठून निघतात? आजोबा रात्री किती वेळा उठतात आणि अंधारात कशाला धरून चालतात? गणपती, गौरी, घट, जे काही तुमच्याकडे असेल ते कुठल्या भिंतीला, किती जागेत बसतं आणि प्लग कुठे लागतो? घरात सगळ्यांना लिहू द्या, मुलांनाही. माझ्या मुलीने तेव्हा लिहिलं असतं, तर तिचं अभ्यासाचं टेबल खिडकीकडे पाठ करून आलं नसतं.

ही वही घेऊन डिझायनरकडे जा. वाचून जो आणखी प्रश्न विचारेल, त्याला काम द्या. जो बाजूला ठेवून थ्रीडी चित्रं दाखवायला लागेल, त्याला चहा पाजून नमस्कार करा.

माणूस निवडताना आणखी एक ध्यानात ठेवा. ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायला 1972 च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. ‘इंटिरियर डिझायनर’ अशी पाटी लावायला तसला कायदा नाही. त्यामुळे कार्डावर जाऊ नका, कामावर जा. त्याने केलेलं नवं कोरं घर पाहू नका, तीन-चार वर्षं वापरलेलं पाहा. ड्रॉवर ओढा, कपाटाची दारं उघडा, सिंकखाली वाकून प्लाय फुगलाय का बघा. आणि त्या घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते, तिच्याशी दहा मिनिटं बोला. बाकी कुणी सांगणार नाही ते तिथे कळेल.

फी चौरस फुटाच्या दराने, एकूण खर्चाच्या टक्केवारीने किंवा ठरावीक रकमेने ठरते. टक्केवारीत खर्च वाढला की फीही वाढते, हे डोक्यात ठेवून बोला. माणूस प्रामाणिक असला तरी हिशेब आधी स्पष्ट असलेला बरा. जीएसटी धरून की सोडून, साइटवर आठवड्यातून किती फेऱ्या, काम लांबलं तर काय, हे कागदावर घ्या. पैसे कामाच्या टप्प्यांनी द्या आणि शेवटचा हप्ता दारं नीट लागेपर्यंत राखून ठेवा. पहिल्या कोटेशनच्या वर थोडी रक्कम बाजूला असू द्या, कारण भिंत फोडली की आतलं काहीतरी निघतंच. भिंत फोडण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. कॉलम आणि बीमला तर हातही लावू देऊ नका.

पैसा कुठे घालायचा? जिथे रोज हात लागतो तिथे. बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल, नळ, कड्या यांत काटकसर केली तर दोन वर्षांत पश्चात्ताप होतो. सिंकखाली आणि ओट्याच्या कपाटांना आयएस 710 चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या. कोरड्या खोलीतल्या कपाटाला आयएस 303 पुरतो. शीट कापायच्या आधी शिक्क्याचा फोटो काढून ठेवा, मागाहून सनमायका चढला की आत काय आहे ते कुणाला दिसतंय? वाचवायचंच असेल तर फॉल्स सीलिंगवर वाचवा. आपल्या घरांची उंची मुळात बेताची. छत अर्ध्या फुटाने खाली आलं की खोली चेपते, पंखाही डोक्याजवळ येतो.

दिव्यांचं एक साधं सूत्र. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, शांत उजेड, हा बसायच्या आणि झोपायच्या खोलीत. 4000 च्या आसपासचा ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर. 6500 चा पांढराफटक उजेड अख्ख्या घराला लावला की घराचा दवाखाना होतो.

आणि हो, सुताराला हुकूम सोडण्यापूर्वी रिकाम्या फ्लॅटमध्ये खडू घेऊन जा. पलंग, टेबल, कपाट, उघडणारी दारं, सगळं जमिनीवर खऱ्या मापाने आखा आणि घरातल्या सगळ्यांनी त्यातून चालून बघा. कागदावर ऐसपैस वाटणारी वाट कितीदा तरी आडवं होऊन जायची निघते. तासाभराचं काम आहे, पण लाखाची चूक वाचते.

जुन्या वस्तू लगेच काढून टाकू नका. आजीचं सागवानी कपाट आजच्या पैशांत पुन्हा होणार नाही. त्याला पॉलिश करा, जागा द्या आणि बाकीची खोली त्याच्याभोवती जमवायला सांगा. पितळेचे डबे माळ्यावर काळे पडण्यापेक्षा एका उघड्या फळीवर बसले तर नव्या क्रॉकरी युनिटची गरज काय? वाड्यांत भिंतीतच कोनाडा आणि फडताळ असे, फुटभर जागाही न खाता. तेच आज जाड भिंतीत जमतं का, ते डिझायनरला विचारा. चांगल्या डिझायनरला अशी अडचण आवडते. फोटोतलं घर कुणीही करून देतं. तुमच्या कपाटाभोवती घर करायला मात्र डोकं लागतं, आणि त्याचीच तर आपण फी देतो.

शेवटचं, सगळं एकदम करू नका. ओटा, कपाटं, वायरिंग एवढं करून राहायला जा. एक भिंत आणि थोडे पैसे मोकळे ठेवा. एक पावसाळा, एक उन्हाळा, एक दिवाळी काढा. ऊन कुठल्या खिडकीतून किती आत येतं, घरातली माणसं आपसूक कुठे जमतात, हे त्यानंतरच कळतं.

आमचं स्वयंपाकघर दोन वर्षांपूर्वी पुन्हा केलं. या वेळची डिझायनर तिशीतली मुलगी. आली, पाणी प्यायली आणि टेप काढायच्या आधी तिची नजर त्या पाटावर गेली. ‘आजी, पोळ्या तुम्ही करता का?’ मग तिने सासूबाईंना पाटावरून खाली उतरवलं, कोपर काटकोनात वाकवायला सांगितलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजलं. 36 इंच. ‘पोळ्यांचा ओटा त्याच्या पाच इंच खाली हवा.’ जुना ओटा तसाच ठेवून खिडकीजवळ तीन फूट लांबीचा एक वेगळा ओटा तिने 31 इंचांवर काढला. ग्रॅनाइट नाही, साधा कडप्पा. सबंध घरात आल्या-गेल्याच्या नजरेत भरते ती आता तीच जागा. लोक विचारतात, ही कल्पना कुठे पाहिली? सासूबाई म्हणतात, पाहिली कुठे, मोजली!

पाट परत देवघरापुढे गेलाय. तुम्हीही येत्या रविवारी मोबाइल जरा बाजूला ठेवा आणि वही काढा. पहिल्याच ओळीत लिहा, घरात पोळ्या कोण करतं आणि त्यांचं कोपर जमिनीपासून किती इंचांवर येतं.