घरचा अभ्यास, पण कुणाच्या घरचा?



मे महिन्यात वस्तीतल्या तिसरीच्या एका मुलीनं मला तिच्या आईचा मोबाईल दाखवला. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुट्टीतले 'गमतीदार उपक्रम' आले होते. रंगीत प्रिंट काढा, कार्डशीटचं घड्याळ बनवा, आईसोबत केक करताना मापं शिका, आपल्या खोलीतल्या वस्तूंना नावांच्या चिठ्ठ्या लावा. "दादा, आपली खोली म्हणजे कुठली?" तिनं विचारलं. दहा बाय दहाचं घर, माणसं पाच. आई सकाळी सहाला धुणीभांडी करायला निघते.

उपक्रम वाईट नाहीत. पण ज्या घरासाठी ते लिहिलेत, ते घर आपलं नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू यालाच सांस्कृतिक भांडवल म्हणतो. काही घरांत आधीपासून असलेलं शाळा सगळ्यांकडे मागते, आणि ज्याच्याकडे ते नाही त्या मुलाला 'कच्चं' ठरवते.

यावर एक गोड उत्तर तयार असतं: "तुमच्या मुलांना घरचं कामच शिकवा की, त्यातही गणित आहे." इथं सावध राहा. 1953 साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली होती. हे जातीचंच शिक्षण आहे, म्हणून पेरियार आणि द्रविड चळवळीनं रान उठवलं. 1954 मध्ये योजना गुंडाळली गेली. विचार मात्र गेला नाही. 2016 च्या बालकामगार कायद्यातील दुरुस्तीनं शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत कुटुंबाच्या धंद्यात मुलांनी हातभार लावायला मुभा दिली, फक्त धोकादायक कामं वगळली. सफाई कामगाराच्या पोरीच्या हातात झाडू देऊन त्याला कुणी कृतियुक्त शिक्षण म्हणू नये.

मग करायचं काय? पोरांचा खेळ घ्यायचा, आईबापाचं काम नाही.

अष्टाचंगा घ्या. चार चिंचोके दगडावर घासून मधोमध फोडायचे. प्रत्येकाचा अर्धा भाग घ्यायचा, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. फरशीवर खडूनं पाच बाय पाचचा पट. जितके पांढरे वर तितकी घरं, चारही पांढरे तर चार, चारही तपकिरी तर आठ. पहिलीचं पोर मोजायला शिकतं. चौथीच्या पोराला सांगा, पन्नास वेळा टाक आणि प्रत्येक दानाची रेघ मार. दोनचं दान बहुतेक वेळा सगळ्यात जास्त पडतं, आठाचं क्वचित. का, ते त्यालाच शोधू द्या. आमच्याकडे एका पोरानं चारही चिंचोक्यांच्या उलट-सुलट सगळ्या जोड्या मांडून बघितल्या, सोळा झाल्या. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

विजेच्या मीटरचा आकडा रात्री लिहा, सकाळी लिहा, वजाबाकी करा. हातच्याचं गणित यात आपोआप येतं. आणि ज्यांच्या घरी मीटरच नाही, त्यांना चौथीतच नागरिकशास्त्र कळतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. आजीला बाबासाहेबांवरच्या जात्यावरच्या ओव्या येत असतील तर तिनं म्हणायच्या, नातवानं लिहायच्या. आजी 'व्हतं' म्हणाली तर 'व्हतं'च लिहायचं. शुद्धलेखनाची लाल शाई नंतर. आपल्या घरची भाषा कागदावर उतरू शकते हे आधी पोराला दिसू दे.

एक अडचण मात्र यातल्या कशानंही सुटत नाही: जागा आणि सोबत. परळच्या चाळीत एकाच खोलीत सगळा संसार, म्हणून रामजी सुभेदार भीमरावांना लवकर झोपवत आणि रात्री दोनला उठवत. त्यासाठी ते स्वतः जागे राहत. बारा तास बिगारी करून आलेल्या बापाकडून आपण तेवढ्या जागरणाची अपेक्षा ठेवायची का? मला तरी ते अन्यायाचं वाटतं.

म्हणून रविवारी वंदना झाली की आम्ही विहाराच्या फरशीवर दोन तास पट आखतो, दहावी-बारावीची मुलं पाळीनं लहानांसोबत बसतात. रोज संध्याकाळी सात ते नऊ विहार उघडा ठेवा, अशी मागणी मी समितीपुढे दोनदा ठेवली. "वीजबिल कोण भरणार?" असं उत्तर आलं. जयंतीच्या डीजेला याच समितीनं वर्गणी काढली होती. पुढच्या बैठकीत मी विषय पुन्हा मांडणार आहे, या वेळी पोरांनीच लिहिलेले मीटरचे आकडे घेऊन.