गोळी सुटते तेव्हा सेफ्टी कुठे असते?

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत राहत्या घरी अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. त्यानंतर जो तो लॉकबद्दल बोलत होता. दलात कुणाच्या हातून अशी गोळी सुटली, तरी चौकशी करणाऱ्याच्या तोंडी पहिला प्रश्न हाच येतो : सेफ्टी लावली होती का? ‘नव्हती’ असं उत्तर मिळालं की संबंधित शिपायावर ठपका येतो आणि फाइल बंद होते. शस्त्र-प्रशिक्षकांनी आणि कोत सांभाळणाऱ्यांनी या उत्तरावर समाधान मानू नये, असं आम्हाला कळकळीने सांगायचं आहे.

आपल्या सर्वांच्या हाताखालून गेलेलं ईशापूरचं ९ मिमी १ए पिस्तूल घ्या. घडण ब्राउनिंग हाय-पॉवरची. सेफ्टी वर केली की सिअर अडतो आणि त्याबरोबर स्लाइडही अडते. म्हणजे चेंबरमधला राउंड बाहेर काढायचा असेल, तर आधी सेफ्टी खाली घ्यावीच लागते. पिस्तूल खाली करताना, म्हणजे ज्या क्षणी चूक होण्याची भीती सर्वांत जास्त, त्याच क्षणी नियमानुसार सेफ्टी उघडी असते. अमेरिकन १९११ पिस्तुलाचीही हीच गत. बेरेटा ९२ मध्ये सेफ्टी स्लाइडवरच असल्याने ती लावूनही स्लाइड मागे घेता येते. पण ती सोय आपल्या हातातल्या शस्त्रात नाही.

पुढचा धोका याहून फसवा आहे. हाय-पॉवरच्या घडणीत मॅगझिन काढलं की ट्रिगर काम करत नाही. हे संरक्षण म्हणूनच ठेवलेलं आहे. पण हॅमर खाली सोडायचा तर मॅगझिन परत घालावं लागतं. ड्युटी संपवून आलेला, झोपेला आलेला शिपाई मॅगझिन काढतो, चेंबर बघायचं राहून जातं, रिकामं मॅगझिन घालतो आणि ‘खाली आहे’ या खात्रीने ट्रिगर दाबतो. किंवा क्रम उलटतो : आधी स्लाइड ओढून एक राउंड बाहेर पाडतो, मग मॅगझिन काढतो. तोवर दुसरा राउंड चेंबरमध्ये जाऊन बसलेला असतो, आणि रिकामं मॅगझिन घालून शिपाई ट्रिगर दाबतो. या दोन्ही प्रसंगांत ट्रिगर मुद्दाम दाबलेला आहे. ज्याला ट्रिगर दाबायचाच आहे, त्याला सेफ्टी कशी थांबवणार?

मग सेफ्टी काढूनच टाकावी का? मुळीच नाही. लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्याचा अनुभव प्रत्येक प्रशिक्षकाने अभ्यासावा असा आहे. तिथे बेरेटा ९२ च्या जागी स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी पिस्तूल आलं. पहिल्या गोळीचा जड ट्रिगर गेला, हाताने लावायची सेफ्टीही गेली. नव्या पिस्तुलाने नेम सुधारले, आणि नकळत सुटलेल्या गोळ्यांची संख्या २०१२ मधल्या १२ वरून २०१४ मध्ये ३० वर गेली. खात्यावर देखरेख करणाऱ्या महानिरीक्षकांच्या कार्यालयाने याची चौकशी केली, तेव्हा जुनी सवय समोर आली. बेरेटावर शिकलेल्या काहींचं बोट ट्रिगरवर विसावत असे. तो जड असल्याने इतकी वर्षं निभावलं. काही गोळ्या पिस्तुलाखाली बसवलेला दिवा लावताना सुटल्या, कारण दिव्याचं बटण दाबताना बोटाने ट्रिगरही ओढला गेला. जड ट्रिगर आणि सेफ्टी यांनी चूक झाकली होती, सुधारली नव्हती. शस्त्र बदलताच ती उघडी पडली. आपल्याकडे १ए वर घडलेल्या माणसाच्या हाती ग्लॉक देताना दोन दिवसांचा परिचय-वर्ग पुरेसा मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

सेफ्टीचा खरा उपयोग होल्स्टरमध्ये पिस्तूल ठेवताना होतो. जॅकेटची दोरी किंवा शर्टाची कड ट्रिगर-गार्डमध्ये अडकली तर तीच माणसाची मांडी वाचवते. गर्दीत कुणी शस्त्र हिसकावलं तरी तिच्यामुळे एखादा क्षण हाताशी मिळतो. मात्र शस्त्र हातातून पडल्यावर गोळी सुटू नये, हे काम तिच्याकडून अपेक्षू नका. ते फायरिंग पिनला रोखून धरणाऱ्या आतल्या अडसराचं काम आहे आणि जुन्या हाय-पॉवरच्या घडणीत तो नव्हताच. नळीवर आपटलेल्या अशा पिस्तुलाची पिन स्वतःच्या वेगानेही पुढे जाऊ शकते, म्हणून पिनची स्प्रिंग वेळेवर बदलण्याबाबत आर्मोररने जराही सवलत देऊ नये.

सराव सगळा नेमाचा होतो. शस्त्र खाली करण्याचा स्वतंत्र सराव आम्ही फारसा पाहिलेला नाही. रेंजवर ते काम उस्तादाच्या नजरेखाली, हुकमावर, निशाण्याच्या दिशेने होतं. कोताच्या दारात रात्री अकरा वाजता हुकूम द्यायला कुणी नसतं, समोर भिंत असते आणि मागे जमा करणाऱ्यांची रांग उभी असते. तेव्हा सराव त्याच परिस्थितीत व्हायला हवा : डमी राउंड भरलेलं पिस्तूल, अपुरा उजेड, घाई करणारा जोडीदार. मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे आणि तिथेच रोखलेली, डोळ्यांनी चेंबर, मग बोटाने चेंबर. मधे कुणी हाक मारली, तर पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक कोताच्या दारात वाळूने भरलेला ड्रम असावा आणि ट्रिगर दाबायचाच असेल तर नळी त्याच्याकडेच असावी. हा ड्रम मागायला कुठलं खास अनुदान लागत नाही.

आणखी एक मागणी वरिष्ठांकडे आहे. ज्यात कुणी जखमी झालं नाही, अशा सुटलेल्या गोळीचीही लेखी नोंद व्हावी. आणि ती देणाऱ्याला, बेफिकिरी पुन्हा पुन्हा दिसत नसेल तर, शिक्षेची भीती नसावी. आज भिंतीतलं भोक बुजवलं जातं, राउंडचा हिशेब कसाबसा जुळवला जातो आणि पुढच्या तुकडीच्या प्रशिक्षकाला काहीच कळत नाही. नोंदीत सेफ्टीचा रकाना जरूर ठेवा. त्याच्या वरचे रकाने मात्र असे हवेत : त्या वेळी शस्त्राचं नेमकं काय चाललं होतं, चेंबर कुणी आणि केव्हा पाहिलं होतं, बोट कुठे होतं, नळी कोणत्या दिशेला होती.